दगड इथं, खुंटी तिथं: सौर वादळाच्या शनिवारी अडलेली एक मोजणी

पार्श्वभूमी

तासगाव भागातलं गाव. तिघे सख्खे भाऊ. वडिलांनी हयातीतच तोंडी वाटप करून दिलं होतं, बांधावर दगड रोवून दिले होते आणि त्यावर वीसेक वर्षं बिनबोभाट वहिवाट चालू होती. सातबारा मात्र अजून सामाईक. थोरल्यांकडं द्राक्षबाग, मधल्यांकडं ऊस, धाकट्यांकडं थोडी बाग आणि तिला लागून बेदाण्याचं शेड. नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत. तारखा आणि वेळा तशाच ठेवल्या, कारण सगळं प्रकरण वेळांवरच उभं आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात थोरल्यांनी विषय काढला. मुलं कर्ती झाली, पीककर्ज काढायचं म्हटलं तरी तिघांच्या सह्या गोळा करत हिंडावं लागतं. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून संमतीनं वाटप करून घ्यायचं, मग भूमी अभिलेखकडून पोटहिस्सा मोजणी, असं ठरलं. त्याआधी एक खासगी मोजणी करून नकाशावर आपसात एकमत करायचं. खासगी मोजणीला तेव्हा कायद्यात वजन नव्हतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. पण कचेरीत जाऊन भांडण्यापेक्षा घरात भांडून जावं, हा थोरल्यांचा हिशेब, आणि तो चुकीचा नव्हता.

मुहूर्त धरला अक्षय्य तृतीयेचा, शुक्रवार १० मे. मोजणीदार सकाळी आठला रोव्हर घेऊन हजर. प्रत्येक दगडाला हळद-कुंकू लागलं, नारळ फुटला आणि लांबून दिसावं म्हणून दगडाभोवती चुन्याची फक्की टाकली. ही फक्की लक्षात ठेवा.

रोव्हर म्हणजे काठीवर बसवलेला उपग्रहांचा रिसीव्हर. मोबाइलच्या सिमवरून त्याला कायमस्वरूपी केंद्राकडून सतत दुरुस्ती मिळत राहते. ती नीट बसली की पडद्यावर ‘फिक्स’ येतं आणि आडवी अचूकता दोन-तीन सेंटीमीटरवर येते. अर्धवट बसली तर ‘फ्लोट’, मग वीतभर ते हातभर चूक गृहीत धरायची. तिसरा एक प्रकार असतो तो सगळ्यांत घातक: पडद्यावर फिक्स दिसतं, पण ते खोटं असतं.

अडचण

शुक्रवारी साडेअकरापर्यंत उघड्या रानातले दगड झाले. ऊन चढलं तसं काम थांबवून सगळे पुरणपोळी-आमरसाला बसले. चारनंतर पुन्हा सुरुवात, दिवेलागणीच्या आत शेवट. मधल्या आणि धाकट्यांच्या हद्दीवरचा दक्षिणेचा दगड पाचच्या सुमारास घेतला. हा दगड चिंचेच्या झाडाखाली आहे आणि त्याच्यापासून आठ-दहा पावलांवर बेदाण्याचं रॅक: लोखंडी अँगल, तारांच्या जाळ्या, वर पत्रा. शेजारीच धाकट्यांची बोअर. बोअरचं केसिंग हद्दीच्या रेषेपासून जेमतेम वीतभर आत.

शनिवारी सकाळी मोजणीदार नकाशावरच्या बिंदूंवरून जागेवर खुंट्या ठोकायला आला. फिक्स यायला नेहमीपेक्षा फार वेळ लागत होता, मधेच फ्लोटवर घसरत होतं. उत्तरेच्या दगडावर खुंटी बरोबर आली. दक्षिणेला मात्र मशीननं दाखवलेली जागा दगडापासून हातभर सरकलेली, आणि सरकलेली तीही बोअरच्या दिशेनं. त्या खुंटीवरून दोरी ताणली तर बोअर मधल्यांच्या रानात जात होती.

१६० मीटर लांबीच्या बांधाच्या एका टोकाला ४० सेंटीमीटरची चूक म्हणजे ३२ चौरस मीटरची पाचर, गुंठ्याचा तिसरा हिस्सा. क्षेत्र म्हणून काहीच नाही. पण त्या पाचरीत बोअर होती.

त्यानंतर जे बोललं गेलं ते थोडक्यात देतो. मधले म्हणाले, “मशीन खोटं कशाला बोलंल? रातोरात दगड सरकवलाय कुणीतरी.” धाकटे म्हणाले, “आण्णांनी रोवलेल्या दगडाला मी हात लावीन व्हय?” बायका घरातून बाहेर आल्या. तेवढ्यात पुण्याला शिकणाऱ्या पुतण्यानं मोबाइल पुढं केला. रात्री सूर्यावरून वादळ आलंय, युरोप-अमेरिकेत आभाळ लाल-हिरवं झालंय, जीपीएस बिघडू शकतं. मोजणीदारानं तो धागा लगेच उचलला: “तेच म्हणतोय मी, सकाळपासून फिक्स धरत नाही. कालचं माप बरोबर आहे, आज वादळामुळं खुंटी सरकतेय.”

आणि सगळे गप्प झाले. सूर्याला दोषी धरलं की दगड कुणी हलवला नाही, मशीन खोटं नाही, मोजणीदार चुकला नाही. सगळ्यांची अब्रू राखणारं असं कारण रोज मिळत नाही. थोरल्यांना ते तिथंच मान्य करून टाकायचं होतं. दुपारी त्यांच्या मुलानं मला फोन केला तो एवढंच विचारायला, की असं होऊ शकतं ना? मी सर्वेक्षण शिकवतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडं आला.

होऊ शकतं. पण इथं तसं झालं का, हा वेगळा प्रश्न आहे.

सूर्यावर काय चाललं होतं

मे २०२४ च्या पहिल्या पंधरवड्यात सूर्यावर १३६६४ क्रमांकाचा डागांचा एक प्रचंड समूह होता, पृथ्वीच्या व्यासाच्या पंधरापटीहून रुंद. त्यातून एकामागून एक सौर ज्वाळा उसळत होत्या. ज्वाळांची प्रतवारी क्ष-किरणांच्या तीव्रतेवरून होते. ए, बी, सी, एम आणि एक्स अशी चढती भाजणी, प्रत्येक पायरी आधीच्या दसपट. शुक्रवारी १० मे रोजी एक्स ३.९ तीव्रतेची ज्वाळा उसळली. तिचा कळस भारतीय वेळेनुसार दुपारी १२ वाजून २४ मिनिटांनी, म्हणजे मंडळी आमरस ओरपत होती तेव्हा.

बातम्यांत ‘सौर वादळ’ या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि घोटाळा तिथंच होतो. पहिली, ज्वाळेचा प्रकाश आणि क्ष-किरण. हे साडेआठ मिनिटांच्या आत पोचतात आणि ज्या बाजूला दिवस आहे तिथंच काम करतात. ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा वातावरणाचा थर अचानक भारित होतो आणि लघुलहरी रेडिओ संदेश गिळून टाकतो. काही मिनिटं ते तासभर, फार तर थोडं जास्त, मग पूर्ववत. सप्टेंबर २०१७ मध्ये कॅरिबियन बेटांवर इर्मा चक्रीवादळाच्या मदतकार्यात असलेल्या हॅम रेडिओवाल्यांना याचा फटका बसला होता. रोव्हर ज्या उपग्रह-लहरींवर चालतो त्यांची वारंवारता कितीतरी जास्त. त्या गिळल्या जात नाहीत, त्यांना उशीर मात्र होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे वेगवान प्रोटॉन. ते काही मिनिटांपासून काही तासांत येतात आणि मुख्यतः ध्रुवांकडच्या भागाला, उपग्रहांना आणि अंतराळवीरांना त्रास देतात. आपल्या बांधाशी त्यांचा संबंध नाही.

तिसरी, सूर्यानं बाहेर फेकलेले प्लाझ्माचे, म्हणजे भारित वायूचे ढग. यांना यायला एक ते तीन दिवस लागतात. ८ आणि ९ मे रोजी निघालेले असे अनेक ढग वाटेत एकमेकांना गाठत पृथ्वीवर आदळले ते शुक्रवारी रात्री, भारतीय वेळेनुसार १० वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास. म्हणजे शुक्रवारी दुपारच्या ज्वाळेचा आणि त्या रात्री आलेल्या वादळाचा थेट संबंध नव्हता. ते वादळ त्या ज्वाळेच्या आधीच वाटेला लागलं होतं. जी-१ ते जी-५ या मापावर ते जी-५ ला पोचलं, २००३ नंतर पहिल्यांदाच. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली घट शनिवारी सकाळी आठच्या आसपास ४०० नॅनोटेस्लाच्या पुढं गेली. तुलनेसाठी सांगायचं तर १८५९ च्या कॅरिंग्टन वादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत ही घसरण १६०० च्या आसपास नोंदली गेली होती. विजेवरच्या ट्राम आल्यामुळं ती वेधशाळा पुढं अलिबागला हलवली, आणि आजही तिथं ही मोजमापं चालतात.

१० मेच्या रात्री लडाखमधल्या हानलेच्या कॅमेऱ्यांनी आकाशातली लाली टिपली. अमेरिकेत ऐन मका पेरणीत उपग्रहांवर चालणारे ट्रॅक्टर ओळीवरून भरकटू लागले आणि अनेकांनी पेरणी थांबवली. त्यामुळं पुतण्याचं म्हणणं हवेतलं नव्हतं. त्यांचे रोव्हर आणि आपले रोव्हर एकाच तत्त्वावर चालतात.

घड्याळ लावून पाहिलं

मोजणीदाराकडून मी कच्च्या नोंदींची फाइल मागवली. तो द्यायला कांकूं करत होता, पण दिली. त्या फाइलीत प्रत्येक बिंदूची वेळ, उपग्रहांची संख्या, फिक्स की फ्लोट आणि किती सेकंदांची सरासरी घेतली, हे सगळं असतं.

दक्षिणेचा दगड शुक्रवारी पाचच्या सुमारास नोंदला होता. दुपारची ज्वाळा साडेचार तास आधी विझलेली, रात्रीचं वादळ यायला साडेपाच तास बाकी. सूर्याच्या बाजूनं ती वेळ स्वच्छ होती. उलट त्या बिंदूच्या नोंदीत उपग्रह कमी दिसत होते, त्यांची आकाशातली मांडणी वाईट होती आणि नोंद अवघ्या पाच सेकंदांची. झाडाखाली शिरताना फिक्स गेलं होतं, तिथंच पुन्हा धरलं, आणि धरल्या धरल्या बटण दाबलं. उपग्रहाची लहर थेट न येता रॅकच्या पत्र्यावर आपटून आली, तर उपग्रहापर्यंत किती पूर्ण लहरी बसतात, हा हिशेब रिसीव्हर चुकवतो. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी १९ सेंटीमीटर. हिशेब एक-दोन लहरींनी चुकला की वीतभर-हातभराची चूक होते आणि पडद्यावर फिक्स तसंच दिसत राहतं.

शनिवारची नोंद उलटी होती. फिक्स उशिरा येत होतं, पण जिथं आलं तिथं उघड्या रानातले दगड दोन-तीन सेंटीमीटरात जुळत होते. उशीर वादळाचा की मोबाइलच्या कमजोर रेंजचा, हे त्या फाइलीतून ठरत नाही. ठरवायची गरजही नव्हती. मोठं वादळ अंगावर असताना घेतलेलं माप नकाशात वापरायचं नाही, एवढं पुरेसं होतं. माप टाकून द्यायला शंका चालते. चुकीचं खापर कुणावर फोडायचं तर मात्र पुरावा लागतो. शनिवारी या दोन्ही गोष्टींची गल्लत झाली होती.

पर्याय

मोजणीदाराचं म्हणणं: शुक्रवारचं माप कायम ठेवायचं आणि वादळ शमलं की खुंट्या पुन्हा ठोकायच्या. वरकरणी शहाणपणाचं, पण धोका यातच जास्त होता. शुक्रवारचं माप चुकलेलं असेल तर नकाशात चूक पक्की होऊन पुढं कचेरीत गेली असती, आणि तिच्यावर ‘सौर वादळ तपासून झालं’ असा शिक्काही बसला असता.

थोरल्यांना सगळंच रद्द करून पावसाळ्यानंतर बघायचं होतं. मिरगाच्या आत उरकायचं म्हणून सुरू केलेलं काम दिवाळीवर गेलं असतं, आणि ‘रातोरात’ हा शब्द तोवर घरात कुजत राहिला असता. मधल्यांचा आग्रह थेट सरकारी अतितातडीच्या मोजणीचा. हक्क म्हणून बरोबर, पण आपसातला प्रश्न न सुटता फी भरून तोच वाद भूकरमापकासमोर मांडायचा, एवढाच त्याचा अर्थ. धाकट्यांचं म्हणणं सगळ्यात सोपं: मशीन बाजूला ठेवा, दगड ते दगड दोरी लावा. हद्द म्हणून हे योग्यच होतं. नकाशाला मात्र आकडे लागतात.

मी सुचवलेला मार्ग हा होता, की त्या एका दगडाचं माप उपग्रहांचा आधार न घेता करायचं. टोटल स्टेशन प्रकाशाच्या किरणानं अंतर आणि कोन मोजतं. सूर्यावर काय चाललंय याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. उघड्या रानात दोन पक्के बिंदू करायचे आणि तिथून झाडाखालच्या दगडावर नेम धरायचा. शिवाय एक चाचणी फुकटात होणार होती. मोजणीदार म्हणतो तसं शुक्रवारचं माप बरोबर असेल, तर शांत दिवशी त्याच बिंदूची खुंटी दगडावर यायला हवी. ती पुन्हा हातभर लांब आली, तर चूक शुक्रवारची.

एक निर्णय त्याहून अवघड होता. फाइल पाहिल्यावर थोरल्यांना लगेच सांगायचं, की सूर्य निर्दोष आहे? तसं केलं तर दगड हलवल्याचा आळ पुन्हा जिवंत होणार होता. म्हणून आधी दगड पाहायला रविवारी सकाळी मी गावात गेलो. चुन्याची फक्की अजून जागेवर होती, दगडाच्या बुडाला सलग कडं. दक्षिणेच्या अंगाला कोंबड्यांनी थोडी उकरलेली, बाकी अखंड. दगडाच्या माथ्यावर कुंकू, आणि ओघळ मातीपर्यंत न तुटता गेलेला. फक्की टाकल्यापासून तो दगड हललेला नव्हता. मधल्यांना बोलावून तेवढंच दाखवलं. ते बराच वेळ उकिडवे बसून बघत राहिले, मग म्हणाले, “मग मशीनच.” त्यानंतर सूर्याचा विषय काढणं सोपं गेलं.

काय केलं

शुक्रवार १७ मेचा दिवस ठरला. मधे एक अडथळा आला. १४ मेला त्याच डागातून एक्स ८.७ ची ज्वाळा उसळली, आदल्या शुक्रवारच्या दुपटीहून मोठी. थोरल्यांचा फोन आला, की परत पुढं ढकलायचं का? ती ज्वाळा भारतीय वेळेनुसार रात्री १० वाजून २१ मिनिटांची. आपल्याकडं रात्र, त्यामुळं क्ष-किरणांचा प्रश्न नव्हता. आणि तोवर तो डाग सूर्याबरोबर फिरत पश्चिम कडेला पोचला होता, तिथून निघालेल्या ढगांचा रोख बहुतांशी आपल्याकडं नसतो. दिवस कायम ठेवला.

सकाळी सातला काम सुरू केलं. चिंचेपासून लांब, मोकळ्या रानात दोन बिंदूंवर तिपाईवर रिसीव्हर लावून प्रत्येकी पाऊण तास निवांत नोंद घेतली. टोटल स्टेशनवरून त्या दोघांमधलं अंतर ताडून पाहिलं, जुळलं. मग दक्षिणेच्या दगडावर दोन्हीकडून नेम. शेवटी मोजणीदारानं स्वतःच्या रोव्हरवर शुक्रवार १० मेचा तोच बिंदू लावून जागा शोधली. खुंटी पुन्हा हातभर लांब, पुन्हा बोअरच्याच बाजूला. तो काही बोलला नाही. काठी घेऊन झाडाबाहेर गेला, फिक्स सोडून नव्यानं धरलं, परत येऊन पाहिलं, आणि जुना बिंदू फाइलीतून खोडून टाकला.

निकाल

दगडाचं नवं माप जुन्यापासून ३८ सेंटीमीटर लांब आलं. हद्द दगड ते दगड राहिली आणि बोअर धाकट्यांकडंच. बाकीचे शुक्रवारचे बिंदू टोटल स्टेशनशी जुळले, त्यामुळं सगळी मोजणी रद्द करायची वेळ आली नाही. शनिवारच्या नोंदी सरसकट वगळल्या. मोजणीदारानं दुसऱ्या खेपेचे पैसे घेतले नाहीत. तिघांनी नकाशावर सह्या केल्या आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तहसीलला अर्ज गेला. मधल्यांनी ‘रातोरात’ हा शब्द मागं घेतला, असं मात्र कुणी म्हणत नाही. धाकट्यांच्या मुलीच्या बारशाला ते आले, जेवले, लवकर निघाले.

वेगळं काय करता आलं असतं

टोटल स्टेशन शनिवारी दुपारीच आणता आलं असतं. सूर्याशी संबंध नसलेल्या यंत्रासाठी सूर्य शांत व्हायची वाट बघण्यात अर्थ नव्हता. ते दुसऱ्या कामावर गेलं होतं हे खरं, पण तालुक्यात एवढं एकच नाही. एका आठवड्याच्या अबोल्यापेक्षा एका दिवसाचं भाडं स्वस्त पडलं असतं. झाडाखाली आणि पत्र्याशेजारी तर ते पहिल्याच दिवशी हवं होतं. निदान प्रत्येक दगडाची दोन मापं, मधे फिक्स सोडून नव्यानं धरून, काही वेळाच्या अंतरानं. खोटं फिक्स दुसऱ्यांदा त्याच जागी येणं विरळा.

वादळाची पूर्वसूचनाही होती. अमेरिकेच्या अंतराळ हवामान केंद्रानं ९ मेलाच जी-४ चा इशारा दिला होता, २००५ नंतरचा पहिला. भारताचं आदित्य-एल१ यान त्या जानेवारीतच १५ लाख किलोमीटरवर जाऊन बसलेलं. असा इशारा असताना शनिवारी खुंट्या ठोकायला जायला नको होतं. खुंटी ठोकली की ती लोकांच्या डोळ्यांत रुतते, मग मागून कितीही आकडे दाखवा.

पण मोजणीदारांशी बोलताना माझा भर वादळांवर नसतो. जी-५ क्वचितच येतं. सांगली-साताऱ्यात रोजचा त्रास वेगळा आहे. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या फार उत्तरेला नाही. सूर्याचं अकरा वर्षांचं चक्र भरात असताना दुपारी वरच्या वातावरणातला भारित थर इतका दाट होतो, की एकट्या रिसीव्हरच्या मापात कित्येक मीटरांची भर पडू शकते. केंद्राकडून येणाऱ्या दुरुस्तीत यातली बरीच चूक धुऊन निघते, पण केंद्र जितकं लांब तितकी ती कमी धुतली जाते. आणि मार्च-एप्रिल, सप्टेंबर-ऑक्टोबरात सूर्यास्तानंतर त्या थरात पोकळ्या उठतात, त्यातून येणारी लहर लुकलुकते आणि फिक्स सुटतं. त्यासाठी सूर्यावर ज्वाळा उठावी लागत नाही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं केंद्र वरच्या वातावरणाचा अभ्यास करतं. दोन तासांच्या वाटेवर हे काम चालतं, तरी आपल्याकडच्या मोजणीदारांच्या कानावर ते क्वचितच जातं. दिवस कलल्यावर उरकून टाकू म्हणून घेतलेले शेवटचे चार बिंदू, ऑक्टोबरात, दुरुस्ती पाठवणाऱ्या केंद्रापासून तीस किलोमीटरवर: माझ्याकडं येणाऱ्या तक्रारींत हे चित्र सौर वादळापेक्षा कितीतरी जास्त वेळा दिसतं.

या मोजणीदारानं आता नोंदवहीत दोन रकाने वाढवले आहेत. बिंदूची वेळ, आणि दगडाचा जवळून एक फोटो, काम सुरू करताना आणि संपवताना.